विश्लेषण : मानेतील गाठींच्या शस्त्रक्रियेची तयारी कोणी शिकवली? सर्जन जॉर्ज क्राइल यांची गोष्ट

तोंडाच्या, जिभेच्या किंवा थायरॉइडच्या कर्करोगात डॉक्टर अनेकदा मानेतील लसिका ग्रंथी, म्हणजे बोलीभाषेत मानेच्या गाठी, काढण्याचा सल्ला देतात. शस्त्रक्रियेची तारीख ठरते आणि घरात चाचण्यांची यादी येते. रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, छातीचा एक्स-रे, भूलतज्ज्ञांची तपासणी, संमतीपत्र. गाठ मानेत असताना छातीची तपासणी कशाला, असा प्रश्न नातेवाइकांना पडतो. या यादीतील बऱ्याच गोष्टींचे धागे अमेरिकेतील एका सर्जनपर्यंत पोहोचतात. जॉर्ज वॉशिंग्टन क्राइल (१८६४-१९४३) यांनी या शस्त्रक्रियेची पद्धतशीर मांडणी १९०६ मध्ये केली. सुरी हातात घेण्याआधी रुग्णाची तयारी कशी करायची, या प्रश्नाला मात्र त्यांनी जवळपास सारी कारकीर्द दिली. त्यात त्यांना मोठे यश मिळाले. त्याच वाटेवर त्यांनी एक अशीही पद्धत वापरली, जी आज कोणत्याही डॉक्टरला चालणार नाही.

जॉर्ज क्राइल कोण होते?

क्राइल यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६४ रोजी ओहायो राज्यातील चिली या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. तरुणपणी काही काळ त्यांनी शाळेत शिकवण्याचे काम केले आणि मग वैद्यकाकडे वळले. १८८७ मध्ये वूस्टर विद्यापीठाच्या क्लीव्हलँडमधील वैद्यकीय विभागातून ते डॉक्टर झाले. ईरी सरोवराकाठचे क्लीव्हलँड हे तेव्हा पोलादाचे कारखाने आणि रेल्वेचे शहर होते. यंत्रात हात सापडलेले, रुळांवर पाय गेलेले कामगार रुग्णालयात रोज येत. तरुण सर्जनला शिकण्यासाठी याहून मोठी आणि याहून कठोर शाळा नव्हती.

डॉक्टर झाले त्याच सुमारास त्यांच्या विल्यम लिंडमन या विद्यार्थी मित्राचा अपघात झाला. रस्त्यावरच्या ट्रामगाडीखाली त्याचे दोन्ही पाय चिरडले. शस्त्रक्रिया होऊनही तो शॉकमध्ये गेला आणि दगावला. नाडी मंदावत जाते, अंग गार पडते, रक्तदाब कोसळतो आणि डॉक्टरच्या हाती काहीच राहत नाही, हे क्राइल यांनी अगदी जवळून पाहिले. शस्त्रक्रिया नीट होऊनही माणूस का मरतो, हा प्रश्न त्यांनी पुढे आयुष्यभर सोडला नाही. कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांच्या मोठ्या मालिकेवर आधारलेले शॉकविषयीचे त्यांचे पुस्तक १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांचे नाव अमेरिकेबाहेरही पोहोचले.

मानेतील गाठींकडे ते कसे वळले?

शरीरातील लसिका ग्रंथींपैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या मानेत असतात. तोंड, जीभ, घसा, स्वरयंत्र या भागांतून वाहणारा लसिका द्रव या ग्रंथींमधून गाळला जातो. त्यामुळे तिथला कर्करोग पसरू लागला की त्याचा पहिला थांबा बहुधा मानेतील गाठी हाच असतो. एकोणिसाव्या शतकात मानेत गाठ लागली की रुग्णाची आशा संपली, असे बहुतेक सर्जन मानत. स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांच्यासारखे काही जण जबड्याखालच्या ग्रंथी काढत. पोलंडचे फ्रांचिशेक याव्द्यिन्स्की यांनी १८८८ मध्ये संपूर्ण मानेच्या शस्त्रक्रियेचे वर्णन केले होते. पण ते पोलिश भाषेत असल्याने बाहेरच्या जगाला फारसे कळले नाही.

क्राइल यांनी शवविच्छेदनाच्या नोंदींकडे पाहिले. डोके व मानेच्या कर्करोगाने दगावलेल्या सुमारे ४,५०० जणांच्या नोंदींत कर्करोग दूरच्या अवयवांपर्यंत गेल्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. आज रुग्ण जास्त वर्षे जगतात आणि तपासण्याही बारकाईने होतात, त्यामुळे हे प्रमाण त्याहून बरेच अधिक असल्याचे आपल्याला माहीत आहे. पण क्राइल यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा ठरला. हा रोग बराच काळ मानेत अडून राहतो. म्हणजे मान नीट साफ केली, तर रुग्ण वाचू शकतो.

१९०६ च्या शोधनिबंधात काय होते?

अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १ डिसेंबर १९०६ रोजी क्राइल यांचा १३२ शस्त्रक्रियांवर आधारित निबंध प्रसिद्ध झाला. हाताला लागणारी एखादी गाठ तेवढी काढून भागत नाही, असे त्यांनी दाखवले. गाठ, तिच्या आजूबाजूच्या ग्रंथी, त्यांना जोडणाऱ्या वाहिन्या आणि भोवतीची चरबी हे सगळे न फोडता एकसंध काढायचे, ही त्यांची पद्धत. स्तनाच्या कर्करोगात विल्यम हॉलस्टेड यांनी हेच तत्त्व वापरले होते. क्राइल यांनी ते मानेत आणले. त्यासाठी मानेच्या बाजूचा मोठा स्टर्नोमास्टॉइड स्नायू आणि ज्युग्युलर ही मोठी शीरही काढली जाई. तीन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांची त्यांनी तुलना केली. एकसंध शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ७५ टक्के, तर केवळ गाठ काढलेल्यांत १९ टक्के होते. रुग्णसंख्या लहान होती, तरी फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता.

यात धोका प्रचंड होता. मानेत मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी आहे, श्वासनलिका आहे, आवाजाच्या व खांद्याच्या नसा आहेत. प्रतिजैविके नव्हती, रक्तपेढ्या नव्हत्या. इतकी मोठी शस्त्रक्रिया रुग्णाला सोसवेल कशी, हा प्रश्न म्हणूनच तयारीकडे नेणारा होता.

त्या काळात रुग्णाची तयारी कशी केली जात असे?

पहिली गोष्ट रक्तदाबाची. शस्त्रक्रिया सुरू असताना रक्तदाब सतत मोजत राहावा, असा आग्रह अमेरिकेत धरणाऱ्या पहिल्या काही सर्जनांत हार्वे कुशिंग आणि क्राइल यांची नावे येतात. शस्त्रक्रियेतील रक्तदाबावर क्राइल यांनी १९०३ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. रक्तदाब खाली येऊ नये म्हणून त्यांनी हवा भरता येईल असा रबराचा पोशाख बनवला होता. तो पाय आणि पोट बाहेरून दाबत असे. मानेच्या शस्त्रक्रियेत रुग्णाचे डोके उंच ठेवावे लागते, तेव्हा हा पोशाख उपयोगी पडे. रक्त कमी जावे म्हणून ते कॅरोटिड धमनी तात्पुरती चिमट्याने बंद ठेवत.

दुसरी गोष्ट रक्ताची. १९०६ मध्येच क्राइल यांनी क्लीव्हलँडमध्ये एका माणसाचे रक्त थेट दुसऱ्याला देण्यात यश मिळवले. दात्याच्या मनगटातील धमनी आणि रुग्णाची शीर एका छोट्या नळीने जोडली जाई. किती रक्त गेले हे मोजण्याची सोय नव्हती. रक्तगटांचा शोध लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये लावला होता, पण रक्त देण्याआधी ते जुळवून पाहण्याची पद्धत अजून रुळलेली नव्हती. तरी शस्त्रक्रियेआधी रक्ताची सोय करून ठेवायची, ही कल्पना तिथून पक्की होत गेली. आज दाखल होताना रक्तगट विचारला जातो आणि नातेवाइकांना रक्ताची व्यवस्था करायला सांगितले जाते, त्यामागे हा इतिहास आहे.

भीतीचा शस्त्रक्रियेशी काय संबंध?

क्राइल यांचे वेगळेपण इथे दिसते. पूर्ण भूल दिलेली असतानाही कापलेल्या जागेकडून मेंदूला इशारे जात राहतात आणि शरीर थकते, असे त्यांचे मत होते. शस्त्रक्रियेआधीची भीतीही शरीराला तशीच झिजवते, असेही ते मानत. घाबरलेला रुग्ण टेबलावर येण्याआधीच निम्मा दमलेला असतो, हा त्यांचा अनुभव होता. म्हणून त्यांनी एक संपूर्ण पद्धत बसवली आणि तिला अ‍ॅनोसी-असोसिएशन असे नाव दिले. विल्यम लोअर यांच्यासह लिहिलेले त्याविषयीचे पुस्तक १९१४ मध्ये आले.

या पद्धतीत आधी मॉर्फिन आणि स्कोपोलामिन देऊन रुग्णाला शांत केले जाई. मग नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनची हलकी भूल, आणि जिथे कापायचे तिथल्या नसा नोव्होकेन टोचून बधिर. ईथरने घुसमटून बेशुद्ध होण्यापेक्षा हे रुग्णाला खूपच सुसह्य होते. या कामासाठी त्यांनी अ‍ॅगाथा हॉजिन्स या परिचारिकेला तयार केले. हॉजिन्स पुढे इतकी निष्णात झाली, की तिने भूल देणाऱ्या परिचारिकांसाठी शाळा चालवली आणि १९३१ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना उभारली. वेगवेगळी औषधे थोड्या थोड्या प्रमाणात एकत्र वापरायची, ही आजच्या भूलशास्त्राची रीत क्राइल यांच्या विचाराशी नाते सांगते.

रुग्णाला न सांगता शस्त्रक्रिया?

क्राइल यांनी हजारो थायरॉइड शस्त्रक्रिया केल्या. थायरॉइड फार जोराने काम करत असलेल्या रुग्णांचे हृदय धडधडत असते आणि ते सहज घाबरतात. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेच्या दिवशी ऑपरेशन थिएटरकडे नेले, तर नुसत्या भीतीने त्याची प्रकृती बिघडे आणि काही जण दगावत. यावर क्राइल यांनी उपाय काढला. रुग्णाच्या खोलीत रोज सकाळी परिचारिका येऊन नाकावर मास्क ठेवी आणि हा उपचाराचा भाग आहे, असे सांगे. काही दिवसांत रुग्णाला त्याची सवय होई. मग एके दिवशी त्याच मास्कमधून खरी भूल दिली जाई आणि रुग्णाला कळायच्या आत शस्त्रक्रिया उरकली जाई. शस्त्रक्रियेचा दिवस त्याच्यापासून लपवलेला असे. जणू गाठ चोरून नेली, अशा अर्थाने ही पद्धत ओळखली जाऊ लागली.

तिने जीव वाचवले, यात शंका नाही. पण आजच्या नियमांत ती बसत नाही. आज थायरॉइडचे काम औषधांनी आधी आटोक्यात आणता येते, त्यामुळे फसवण्याची गरजच उरलेली नाही. शिवाय आपल्या शरीरावर काय आणि कधी होणार, हे जाणून घेण्याचा रुग्णाचा हक्क आता सर्वमान्य आहे.

युद्ध, क्लिनिक आणि आग

क्राइल १९१५ मध्ये पॅरिसजवळच्या न्यूई येथील अमेरिकन रुग्णालयात जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले. १९१७ मध्ये त्यांच्या क्लीव्हलँडमधील लेकसाइड रुग्णालयाचे पथक फ्रान्समधील रुआँ येथे पोहोचले. वेगवेगळ्या विषयांचे डॉक्टर एकत्र काम करतात तेव्हा रुग्णाला किती फायदा होतो, हे तिथे दिसले. परतल्यावर क्राइल, फ्रँक बंट्स, विल्यम लोअर आणि जॉन फिलिप्स यांनी १९२१ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिक सुरू केले. आज ते जगातील नामांकित रुग्णालयांत गणले जाते.

१५ मे १९२९ रोजी या क्लिनिकवर मोठा घाला आला. तळघरात ठेवलेल्या नायट्रोसेल्युलोजच्या एक्स-रे फिल्म पेटल्या आणि विषारी वायू इमारतभर पसरला. १२३ जणांचा मृत्यू झाला. त्यात संस्थापक फिलिप्सही होते. बंट्स त्याआधीच वारले होते. चौसष्ट वर्षांच्या क्राइल यांनी लोअर यांच्यासह संस्था पुन्हा उभी केली. एक्स-रे फिल्म सुरक्षितपणे कशा साठवायच्या, याचे नियम या दुर्घटनेनंतर अधिक कडक झाले.

क्राइल कुठे चुकले?

शॉकमध्ये मेंदूतील केंद्र थकते, हे त्यांचे मूळ गृहीतक टिकले नाही. बहुतेक शस्त्रक्रियांमध्ये खरी अडचण रक्ताभिसरणातील रक्त व द्रव कमी होणे ही असते, असे पुढे सिद्ध झाले. उच्च रक्तदाबासाठी अधिवृक्क ग्रंथींच्या नसा तोडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी बरीच केली. तीही मागे पडली. उत्तरायुष्यात सजीवांच्या ऊर्जेबद्दल त्यांनी मांडलेले व्यापक सिद्धान्त सहकाऱ्यांनाही पटले नाहीत. ७ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी क्लीव्हलँडमध्ये त्यांचे निधन झाले. सिद्धान्त चुकला तरी रक्तदाब मोजणे, रक्ताची सोय करणे, भूल सौम्य करणे आणि रुग्णाच्या मनाचा विचार करणे या सवयी मागे राहिल्या. रक्तवाहिनी धरण्याचा एक चिमटा आजही ऑपरेशन थिएटरमध्ये क्राइल याच नावाने मागितला जातो.

ही शस्त्रक्रिया नंतर कशी बदलली?

न्यूयॉर्कचे हेज मार्टिन यांनी १९५१ मध्ये मोठ्या रुग्णसंख्येवर आधारित निबंध लिहून क्राइल यांची पद्धत प्रमाण केली. खांदा उचलणारी अ‍ॅक्सेसरी नसही काढावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे रोग आटोक्यात येई, पण रुग्णाचा खांदा पडे. हात डोक्यापर्यंत नेणे, केस विंचरणे अवघड होई. अर्जेंटिनाचे ओस्वाल्दो सुआरेझ यांनी १९६३ मध्ये दाखवले, की ग्रंथी ज्या आवरणांत असतात ती नीट सोडवली तर स्नायू, शीर आणि नस वाचवूनही गाठी काढता येतात. इटलीचे एत्तोरे बोका यांनी ही पद्धत युरोपात पसरवली. क्राइल यांचे पुत्र जॉर्ज क्राइल ज्युनिअर हेही सर्जनच होते. स्तन आणि थायरॉइडच्या कर्करोगात अकारण मोठ्या शस्त्रक्रिया करू नयेत, यासाठी ते उघडपणे भांडले. वडिलांनी जास्त काढायला शिकवले आणि मुलाने जपून काढायला सांगितले. आजचा सर्जन या दोन्ही टोकांमधून मार्ग काढतो.

यात मुंबईचा काय वाटा?

तंबाखू, गुटखा, मिशरी, सुपारी यांमुळे तोंडाचा कर्करोग आपल्याकडे मोठा प्रश्न आहे. सुरुवातीच्या टप्प्यातील तोंडाच्या कर्करोगात मानेत गाठ हाताला लागत नसेल, तरी मानेची शस्त्रक्रिया त्याच वेळी करावी, की गाठ आल्यावर करावी, यावर जगभर अनेक दशके वाद होता. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी याचे उत्तर शोधले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५०० रुग्णांची तुलना होती. आधीच मानेच्या ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते. गाठ येण्याची वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. क्राइल यांनी १०९ वर्षांपूर्वी छोट्या आकड्यांवरून मांडलेल्या विचाराला मुंबईतून भक्कम आधार मिळाला.

आज रुग्णाने तयारी कशी करावी?

आधी सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआय आणि सुईने पेशी काढून तपासणी होते. छातीची तपासणी दोन कारणांसाठी असते : फुप्फुसे भूल सोसतील का आणि रोग तिथवर गेला आहे का. पुढे रेडिएशन लागण्याची शक्यता असेल तर दंतवैद्याला दाखवून खराब दात आधीच काढावे लागतात. रेडिएशननंतर दात काढल्यास जबड्याच्या हाडाला धोका असतो. तंबाखू आणि विडी-सिगारेट लगेच बंद करावी. चार आठवडे मिळाले तर जखम भरण्यास आणि श्वासाला चांगला फायदा होतो, पण त्यासाठी कर्करोगाची शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना सांगावे. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत किंवा चालूही ठेवू नयेत. साधारणपणे शस्त्रक्रियेच्या सहा तास आधीपासून जेवण आणि दोन तास आधीपासून पाणी बंद असते. तरी रुग्णालयाने दिलेली वेळच पाळावी.

सर्जनला काही प्रश्न जरूर विचारावेत. कोणती नस धोक्यात आहे? खांद्याचे व्यायाम कधी सुरू करायचे? खालच्या ओठाची हालचाल कमी होईल का? कानाची पाळी आणि मान किती काळ बधिर राहील? श्वासासाठी गळ्याला तात्पुरते छिद्र करावे लागेल का? जखमेतील पाणी काढणारी नळी किती दिवस ठेवतील?

रुग्णापासून लपवावे का?

आपल्याकडे अनेक घरांत नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेऊन विनवतात, की पेशंटला कर्करोग आहे हे सांगू नका, घाबरतील. हेतू क्राइल यांच्यासारखाच असतो : भीतीपासून माणसाला वाचवायचे. पण क्राइल यांचा रुग्ण बेशुद्ध असताना सारे उरकत होते. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र बरेच काम रुग्णालाच करायचे असते. तंबाखू त्याने सोडायची, खांदा दुखत असताना व्यायाम त्याने करायचा, महिनोन्‌महिने तपासणीला त्याने यायचे. कशासाठी, हे ठाऊक नसलेला माणूस हे करणार कसे? भीतीवर इलाज हवा, हे क्राइल यांनी बरोबर ओळखले होते. तो इलाज आता शांतपणे बसून, समजेल अशा शब्दांत खरे सांगण्यात आहे. म्हणून शस्त्रक्रियेआधीच्या भेटीला नातेवाइकांनी रुग्णाला दाराबाहेर बसवू नये. त्यालाच डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर बसवावे.